नखं दाखवा

खोलीत दयाळू माणसं शिरली की मोठ्या बाईंना न बघता कळायचं. दयाळू माणूस आधी खिडकीला हात लावतो. बंद असेल तर "जरा हवा येऊ दे हं" म्हणून उघडतो, उघडी असेल तर "वारा लागेल हं" म्हणून बंद करतो. कसली तरी कडी खालीवर केल्याशिवाय त्याच्या दयेला सुरुवातच होत नाही. मग पलंगाच्या कडेला टेकायचं, आवाज चढवायचा आणि चांगलं ऐकू येणाऱ्या माणसाशी बहिऱ्याशी बोलावं तसं बोलायचं. वृद्धाश्रमात आल्यापासून बाईंनी असली माणसं इतकी पाहिली होती की त्या मनातल्या मनात त्यांना गुण देत असत. दहापैकी चाराच्या वर अजून कुणी गेलं नव्हतं.

उभी हयात त्यांनी मुख्याध्यापिका म्हणून काढली होती. मुलं, पालक, शिपाई, सगळे त्यांना 'मोठ्या बाई'च म्हणत. इथे आल्यावर खुर्ची गेली, घंटा गेली, पण ही हाक त्यांनी सोडली नाही. "आजी म्हणालात तर ओ देणार नाही," असं पहिल्याच दिवशी त्यांनी मावशींना बजावलं होतं आणि तसं करूनही दाखवलं होतं.

सध्या दर रविवारी एक पिवळं कुटुंब येत होतं. पिवळं अशासाठी, की सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे शर्ट आणि छातीवर छापलेलं: 'आमचं कुटुंब, दयाळू कुटुंब'. स्वतःच्या छातीवर स्वतःच 'दयाळू' असं लिहून हिंडणाऱ्या माणसांबद्दल बाईंना एकच कुतूहल होतं. हे शर्ट धुवायला कोण टाकतं?

कुटुंबाची सूत्रं त्या घरच्या सुनेच्या हातात होती. ह्या सगळ्या प्रकाराला ती 'दयेचा तास' म्हणायची. मुलांना लहानपणापासून दयेची सवय लागावी म्हणून आपण सगळे मिळून आठवड्यातून एक तास दया करतो, असं तिने आल्या आल्या सांगितलं होतं. उरलेल्या आठवड्यात काय करता, हे विचारायचं बाईंनी महत्प्रयासाने टाळलं. सुनेच्या प्रत्येक वाक्यात 'आपण' असायचं. आपण औषध घेतलं का, आपण आज हसलो का, आपण किती छान दिसतोय. बाईंनी जन्मभर व्याकरण शिकवलेलं. ह्या 'आपण'मध्ये नेमकं कोण कोण येतं हे त्यांनी नीट तपासलं, तर औषध एकट्या बाईच घेत होत्या आणि फोटोत एकटी सूनच येत होती. तेव्हापासून त्यांनी तिचं नाव आपणबाई ठेवलं.

आपणबाईंचा नवरा बाथरूमच्या टाइल्स विकायचा. तो दयेचा तासभर फोनमध्ये डोकं घालून उभा असे आणि जमिनीवरच्या लाद्यांकडे मधूनच तुच्छतेने बघे. तेवढ्यापुरता बाईंना तो बरा वाटायचा. दोन मुलं होती. घरून निघताना त्यांनी बरणीतून एकेक चिठ्ठी काढायची आणि त्यावर लिहिलेली दया इथे येऊन करायची असा नियम होता. एका रविवारी मुलाला 'कुणाकडे तरी बघून हसा' अशी चिठ्ठी निघाली. तो बिचारा पलंगाच्या पायथ्याशी दात दाखवून इतका वेळ उभा राहिला, की शेवटी बाईंनीच त्याला "पुरे, दात वाळतील," म्हणून सोडवलं.

ह्या सगळ्यांच्या मागून एक म्हातारी यायची. टाइल्सवाल्याची आई. तिच्याही अंगात पिवळा शर्ट, तोही दोन मापं मोठा. भिंतीला हात लावत आत यायचं, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं, पर्स मांडीवर घट्ट धरायची आणि तास संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बाई तिला मनात 'गाठोडं' म्हणत. आपणबाई खोटी तर खोटी, निदान तोंडाने खोटी होती. हे गाठोडं म्हणजे दुसऱ्याच्या दयेत फुकटचं सामील. ते आलं, ते बसलं, ते उठलं. गाठोड्याला बाईंनी शून्य दिलं होतं.

ह्या कुटुंबाने आतापर्यंत बाईंना गळपट्टा दिला होता, मग मऊ पडलेली केळी, मग पुन्हा गळपट्टा. बाईंना हवं होतं ते निराळंच, आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

बाईंच्या पायाची नखं वाढली होती.

ऐकायला साधं वाटतं. पण थंडीच्या सुरुवातीपासून त्यांना खाली वाकता येईना. आधीच्या मावशी निमूट कापून द्यायच्या, त्या सोडून गेल्या. नव्या मावशींना बाईंनी एकदा, फक्त एकदा, विचारलं. त्यांनी मोजा काढून बघितलं आणि खो खो हसल्या. "बाई, ही काय नखं म्हणायची? खूर आहेत हे! कात्री मोडेल माझी." बाईंनी मोजा वर ओढला आणि त्यानंतर पुन्हा कुणालाही पाय दाखवला नाही. नखं मात्र थांबली नाहीत. ती जाड झाली, पिवळी पडली, अंगठ्याची तर वळून शेजारच्या बोटात रुतायला लागली. बूट चढेनात. बाई टाचांवर, भिंतीला धरून चालू लागल्या आणि पुढे जेवणघरात जायचंही त्यांनी बंद केलं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "गुडघा."

गुडघा म्हणणं परवडत होतं. गुडघ्याला मान असतो, मोठमोठ्या माणसांचे गुडघे दुखतात. वाढलेली नखं म्हणजे निव्वळ घाण, असं खुद्द बाईंनीच पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं होतं. रोज सकाळी प्रार्थना संपली की त्यांचा आवाज मैदानभर घुमायचा, "नखं दाखवा!" की रांगेच्या रांगेचे हात पुढे. ज्याची वाढलेली दिसली त्याच्या बोटांवर पट्टी. त्या बाईंनी आता उठून सांगायचं, की माझीच नखं कापा?

पण गुडघ्याचं नाटक त्यांच्याच अंगाशी आलं. व्यवस्थापकांनी एका दुपारी येऊन गोड आवाजात सांगितलं, की स्वतःच्या पायांनी जेवणघरात येऊ न शकणाऱ्यांची सोय मागच्या हॉलमध्ये असते. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी डॉक्टर येतील, तुम्हाला चालवून बघतील, मग ठरवू.

मागचा हॉल बाईंनी पाहिलेला होता. तिथे पलंगांना कठडे होते आणि एकुलत्या एका खिडकीसमोर भिंत. तिथे गेलेला माणूस परत पुढच्या खोलीत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. बाईंच्या खिडकीतून रस्ता दिसायचा, बसथांबा दिसायचा, आणि रांग मोडणाऱ्या माणसांना दिवसभर नावं ठेवता यायची. एवढंच राहिलं होतं आयुष्यात, आणि तेवढं जाऊ देण्याची बाईंची अजिबात तयारी नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी आपणबाई हात जोडून पलंगाशी उभ्या राहिल्या. "आज आपण नवीन काहीतरी करणार आहोत! आज आपण काहीच आणलेलं नाही. आज आपण विचारणार आहोत, की तुम्हाला काय हवंय?" मग आवाज खाली आणून, "अगदी मोकळेपणाने सांगा. आम्हाला आपलंच समजा."

बाईंनी खिडकीकडे बघितलं. थांब्यावर कुणीतरी रांग मोडत होतं.

"माझ्या पायाची नखं कापून द्या," त्या म्हणाल्या.

मुलगी "ईऽऽ" म्हणाली आणि आईने डोळे वटारल्यावर गप्प झाली. टाइल्सवाल्याला नेमका तेव्हाच फोन आला. तो वाजला नव्हता, तरी आला. बाईंनी पांघरुणातून पाय थोडा बाहेर सरकवला. आयुष्यात इतकं लाजिरवाणं काही त्यांनी केलं नव्हतं.

आपणबाईंचे डोळे भरून आले. "ऐकलंत का रे सगळ्यांनी? किती छोटीशी गरज! केवढीशी! आणि आपण घरी कशाकशाचा हट्ट धरतो!" त्यांनी बाईंच्या गालावरून हात फिरवला. गाल वर असतो. पायापर्यंत मात्र त्यांचा हात गेला नाही. "आपण ह्याचं नक्की काहीतरी करू हं. नुसतं तुमच्यापुरतं नाही, सगळ्यांसाठी करू!"

आणि सगळं पिवळं बाहेर गेलं. गाठोडं सगळ्यात शेवटी उठलं. दारात जरा थांबून त्याने बाईंच्या पायाकडे टक लावून बघितलं. बाईंनी संतापून पाय आत घेतला.

पुढचा रविवार उजाडला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर यायचे होते. सकाळीच निरोप आला, की पिवळ्या कुटुंबाने जेवणघरात सगळ्यांसाठी छोटासा समारंभ ठेवलाय आणि बाईंनी यायलाच हवं. बाईंच्या मनात आशेची पाल चुकचुकली. कुणी माणूस आणला असेल. पाय धुऊन नखं कापून देणारा कुणीतरी. बाईंना आशेचा रागच यायचा, पण ती आली खरी. त्या सपाता अडकवून, टाचांवर, भिंतीला धरून जेवणघरापर्यंत गेल्या. वाट संपता संपेना.

माणूस वगैरे कुणी नव्हता. टेबलावर पुठ्ठ्याचं मोठं खोकं होतं. आपणबाईंनी फीत कापली, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि खोक्यातून निघाली नेलकटरं. चकचकीत, प्रत्येकाला एक, आणि प्रत्येकावर कोरलेलं: 'आमचं कुटुंब, दयाळू कुटुंब'.

ज्यांना आपल्या पायापर्यंत पोचता येत नव्हतं अशा खोलीभर माणसांना नेलकटरं वाटण्यात आली. ज्यांच्या हातात चमचा राहत नव्हता त्या काकांना एक. दिसत नसलेल्या आजींना एक, आणि वर ते उघडायचं कसं ह्याचं प्रात्यक्षिक. पोस्टमास्तरांचा एक पाय मधुमेहात गेला होता, त्यांनाही एक. "मला निम्मं पुरलं असतं," ते म्हणाले. आपणबाई कौतुकाने हसल्या. "बघा, अशा परिस्थितीतही आपण किती विनोदी राहू शकतो!"

बाईंच्या हातातही एक पडलं. त्या ते नुसतं धरून बसल्या. गरज ऐकायची, ती सगळ्यांना वाटायची आणि ज्याने मागितलं त्याच्या हातात त्याचीच अडचण नाव कोरून परत द्यायची. असलं काही सुचायला डोकं नव्हे, घरभर सगळ्यांनी मिळून केलेला सराव लागतो.

"आता आपण मोठ्या बाईंना दोन शब्द बोलायची विनंती करू," आपणबाई म्हणाल्या. "कारण मुळात कल्पना त्यांची!"

बाई टेबलाला धरून उठल्या. मनात जे शब्द तयार होते ते दोनाहून खूप जास्त होते. पण समोर पिवळी रांग बघितली आणि तोंडातून जुनंच वाक्य निघालं, मैदानभर ऐकू जायचं त्याच आवाजात.

"नखं दाखवा!"

आपणबाई खळखळून हसल्या आणि लाडाने हात पुढे केले. लालचुटुक नखं. मुलांचे हात पुढे झाले. टाइल्सवाल्याने फोन खिशात टाकून हात पुढे केले, आणि भिंतीशी उभे असलेले व्यवस्थापकही दचकून हात दाखवून बसले. मागे कोपऱ्यात गाठोडं धडपडत उठलं आणि त्यानेही हात पुढे केले. उठताना त्याचं सगळं वजन टाचांवर आलं. तोल गेला तसा एक हात भिंतीला लागला.

बाई बघतच राहिल्या. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. ती तर त्यांनी स्वतःच शोधून काढली होती.

"ह्यांना काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"आईंना ना? अहो, गुडघा!" आपणबाई म्हणाल्या. "केव्हाचा धरलाय. आपण त्यांना पट्टासुद्धा आणलाय, एकदम भारीतला. पण त्या घालतच नाहीत."

गुडघा.

बाईंनी म्हातारीकडे बघितलं. म्हातारीने परत खुर्चीत बसून मान खाली घातली आणि दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

आता नुसतं एक वाक्य पुरलं असतं. 'आजींचा मोजा काढा,' एवढंच. सबंध जेवणघरासमोर, व्यवस्थापकांसमोर, हात पुढे केलेल्या त्या पिवळ्या रांगेसमोर ह्या कुटुंबाच्या घरातली नखं बाहेर आली असती. त्यांच्या शर्टावरची अक्षरं गळून पडली असती. बाईंना आयुष्यात कुठलंही वाक्य बोलायची इतकी अनावर इच्छा झाली नव्हती. ते अगदी ओठावर आलं होतं. पण त्यासाठी मोजा त्या म्हातारीचा उतरला असता, आणि हसणं कसं ऐकू येतं ते बाईंना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी ते वाक्य गिळलं. कडू औषध गिळताना व्हावं तसं त्यांचं तोंड झालं.

"दोन शब्द झाले," त्या म्हणाल्या. मग म्हातारीला, "तुम्ही माझ्याबरोबर खोलीत या. आणि येताना खोक्यात उरलेली ती सगळी घेऊन या."

"अय्या, आईंना मैत्रीण मिळाली!" आपणबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोटो काढला.

दोघी एकेका बाजूची भिंत धरून, टाचांवर, खोलीत आल्या. बाईंनी कडी लावली. आयुष्यात पहिल्यांदा खोलीतल्या कडीला योग्य माणसाचा हात लागला असं त्यांना वाटलं.

"कुठला गुडघा?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"माझेही दोन्ही. काढा मोजे."

म्हातारीने काढले. बाईंनी बघितलं. त्यांच्यापेक्षा वाईट अवस्था होती.

"सुनेला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं एकदा. म्हणाली, आपण पार्लरमध्ये वेळ घेऊ. मग प्रत्येक वेळी काही ना काही निघालं. पुन्हा काय विचारायचं? ती वाईट नाहीये हो. विसरते."

"आणि मुलगा?"

"त्याला काय सांगायचं असलं?" म्हातारीने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. "तुम्ही त्या दिवशी सरळ मागितलंत. मला आठवडाभर तेच डोळ्यासमोर येत होतं. मी तेव्हाच खाली बसले असते तुमच्या पायाशी. पण मग सून म्हणाली असती, आई, दुसऱ्याची कापता तर स्वतःची का नाही... आणि मग माझं..." तिने वाक्य सोडून दिलं.

बाईंनी ते मनात पूर्ण केलं. त्यांना स्वतःचीच शरम वाटली, आणि ती एरवी फारशी वाटत नसल्यामुळे नीट बाळगताही येईना. ते गाठोडं म्हणून आता भागणार नव्हतं. ती बाई होती, आणि शून्य चुकीचं दिलं गेलं होतं.

"आधी माझी," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "उद्या माझी परीक्षा आहे. नापास झाले तर मागच्या हॉलमध्ये. मग तुमची."

दोघींनी तसराळ्यात कोमट पाणी घेतलं. बाई पलंगावर, म्हातारी समोरच्या खुर्चीत, आणि बाईंचा पाय तिच्या मांडीवर, पिवळ्या शर्टावर. अंगठ्याच्या पहिल्याच नखाला पहिलं नेलकटर वाकलं.

"दयाळू कुटुंब," बाई म्हणाल्या. "दुसरं घ्या."

दुसऱ्याचा दांडा निसटला. तिसऱ्याने जमलं, थोडं थोडं कुरतडत. तुकडे उडून खिडकीच्या काचेवर आपटत होते. "वाकडं कापताय," बाई मधूनमधून म्हणत. "सरळ, सरळ. कडेला खोल जाऊ नका." म्हातारी मान डोलवायची आणि तिला हवं तसंच कापायची. शेवटचं बोट झालं तसं बाईंनी बूट मागितला. पाय आत गेला. टाच बसली. त्या उठल्या, पलंगापासून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या, भिंतीला हात न लावता. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी ते पिवळ्या कुटुंबाच्याच गळपट्ट्याला पुसलं. शेवटी त्याचा काहीतरी उपयोग झाला.

"आता तुमचे," त्या बसून म्हणाल्या. "द्या इकडे."

म्हातारीने पाय बाईंच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. बाईंनी नवं नेलकटर उघडलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची नखं फक्त तपासली होती. कापायची ही पहिलीच वेळ होती, आणि त्यांना ते अजिबात चांगलं येत नव्हतं. म्हातारी दोनदा कळवळली, पण पाय मागे घेतला नाही.

एक पाय होऊन दुसरा निम्म्यावर आला, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"आई! आपला तास संपला हं!" आपणबाईंचा आवाज. "चला, पोरं कंटाळलीयेत. आणि आता इथलं आपलं झालं. पुढच्या रविवारपासून आपण मुक्या प्राण्यांसाठी करणार आहोत!"

म्हातारीने झटकन डोळे उघडले आणि पाय काढून घ्यायला लागली. तिचा मोजा खुर्चीच्या पाठीवर होता, तिकडे तिचा हात गेला.

बाईंनी तिचा घोटा घट्ट धरला.

"बाहेर थांबा!" त्या दाराकडे बघून गरजल्या, आणि आवाज पार जेवणघरापर्यंत गेला असावा, कारण तिकडची भांडी वाजायची थांबली. "आत दयेचा तास चालू आहे."

म्हातारीने मोजा सोडून दिला. बाईंनी चष्मा नाकावर सरकवून मान खाली घातली. अजून तीन बोटं राहिली होती.